गाडीचा दम का जातो? आधी कारण, मग पाना

चारठाणा, जिंतूर, मंठा या पट्ट्यात आपले अनेक तरुण भाड्याची गाडी चालवून संसार करतात. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. ती चढावर ओढेनाशी झाली की दिवसाची कमाई बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी "टर्बो गेला, पंप गेला" असे कोणी सांगितले की माणूस घाबरून होकार देतो. हजारो रुपये जातात आणि दोष तसाच राहतो. म्हणून गाडीमालकांनी आणि मोटार मेकॅनिकचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी निदानाची रीत समजून घ्यावी, यासाठी हा लेख.

तथागतांनी दुःख सांगितले, त्याचे कारण सांगितले, कारण दूर होऊ शकते हे सांगितले आणि त्याचा मार्गही दाखविला. कारणावाचून काही घडत नाही, हा न्याय इंजिनालाही लागू आहे.

इंजिनाची गरज

इंजिनाला चार गोष्टी लागतात : पुरेशी हवा, पुरेसे इंधन, योग्य वेळी पेट आणि धूर बाहेर जाण्यास मोकळी वाट. नव्या गाडीत पाचवी गोष्ट आली, ती म्हणजे सेन्सर व संगणक. मोठा दोष दिसला की संगणक इंजिन वाचविण्यासाठी स्वतःच शक्ती कमी करतो. मग कितीही रेझ दिली तरी गाडी ठराविक फेऱ्यांच्या पुढे जात नाही. हा आजार नव्हे, आजाराची सूचना आहे.

बॉनेट उघडण्यापूर्वी

प्रथम विचारा : दोष केव्हापासून? एकाएकी की हळूहळू? त्याआधी कोणते काम केले, डिझेल कोठे भरले? इंजिनाच्या फेऱ्या वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट सरकते आहे. थोडे चालवून एखादे चाक फार तापते, तर ब्रेक धरला आहे. या दोन्ही वेळी इंजिन निर्दोष असते.

कोड म्हणजे निदान नव्हे

भारतात दोष नोंदविणारी यंत्रणा चारचाकी गाड्यांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. स्कॅनर लावला की कोड मिळतो. पण कोड दुखणे कोठे आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही.

समजा, डिझेल गाडीत पी ०२९९ हा कोड आला. त्याचा अर्थ एवढाच, की टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. टर्बो खराब असेलच असे नाही. इंटरकूलरची रबरी नळी फाटली किंवा तिची क्लिप ढिली झाली तरी हाच कोड येतो. नळीच्या सांध्यावर तेलकट ओल दिसते, जोर दिला की फुस्स आवाज येतो. क्लिपचे काम थोडक्यात भागते, टर्बोला मात्र महिन्याची कमाई लागते.

स्कॅनरवर आकडेही पाहा. इंजिन बंद ठेवून चावी फिरविली की दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेइतका, आपल्याकडे सुमारे ९५ किलोपास्कल, दाब दाखवावा. तेथेच मोठा फरक असेल तर आधी सेन्सर आणि त्याची वायर तपासा. मग मोकळ्या रस्त्यावर जोर देऊन संगणकाने मागितलेला दाब व मिळालेला दाब ताडून पाहा. पी ००८७ आला, तर इंधनाच्या दाबाचे असेच करा. पंपाला दोष देण्यापूर्वी डिझेल फिल्टर पाहा, त्यातील पाणी काढा. चालू इंजिनावर इंधनाची नळी कधीही ढिली करू नये. तेथे हजार बारहून अधिक दाब असू शकतो. ती धार कातडी भेदते.

आपल्या भागातील नेहमीची कारणे

काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर लवकर बंद करते. फिल्टर वेळेवर बदला. जोराची हवा मारून तो फाटला, तर धूळ थेट इंजिनात जाते.

काळा धूर आणि मंद पिकअप असेल तर हवेची गळती किंवा ई.जी.आर. झडप उघडी अडकलेली असू शकते.

१ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज ६ डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा डी.पी.एफ. असतो. गावातल्या गावात फिरल्याने तो तापत नाही आणि भरतो. दिवा लागताच गाडी मोठ्या रस्त्यावर वीसएक मिनिटे एका वेगाने चालवावी. काही जण तो कापून टाकण्याचा सल्ला देतात. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो.

पेट्रोल गाडी मिसिंग मारत असेल तर प्लग व कॉइल पाहा. एका सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावा. दोष कॉइलबरोबर सरकला, तर कॉइलच खराब. तशीच चालविल्यास न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते.

शेवटची पायरी

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि त्याच चढावर गाडी पुन्हा चालवून पाहा. कोड पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तेथे पाना धरायला शिकाच, पण "हा भाग बदलण्याचा पुरावा काय?" हे विचारायलाही शिका. कोणी सांगितले म्हणून मानू नये, तपासून मग स्वीकारावे, ही आपल्या धम्माची शिकवण आहे. ती गॅरेजातही पाळली, तर एखाद्या बांधवाचा हप्ता वाचेल.

जयभीम!