पुरे

फलटणला आमच्या रानात धनगर मेंढरं बसवायचे. त्यांची कुत्री दिवसभर बाभळीखाली पडून असायची, रात्री लांडग्याची चाहूल लागली की उठायची. मेंढरांचं कुत्रं म्हणजे राखणदार, एवढंच मला ठाऊक होतं. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंडला राहायला आले आणि घरात मेग आली, तेव्हा कळलं की मेंढरं राखणं वेगळं नि वळवणं वेगळं.

मेग बॉर्डर कॉली, आता 6 वर्षांची. मॉस तिच्याहून 2 वर्षांनी लहान. ही जात इकडचीच. 1893 साली याच परगण्यात अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. तो भुंकायचा नाही. नजर रोखून, दबक्या पावलांनी मेंढरं हलवायचा. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत जाते. ही नजर मुळात शिकाऱ्याची आहे. रोखून बघायचं, दबा धरत सरकायचं, पाठलाग करायचा आणि शेवटी चावा घ्यायचा, हा लांडग्याचा क्रम. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या कुत्री निवडून त्यातला चावा बोथट केला, बाकीचं धारदार ठेवलं. आमच्याकडची कुत्री ज्या लांडग्यावर धावून जायची, त्याची अर्धी शिकार या दोघांच्या अंगात आहे.

घरात मेंढरं नसतात. मग मॉस सायकलवाल्याला वळवायला निघतो. पाहुण्यांची मुलं अंगणात पांगली की मेग त्यांच्याभोवती फेर धरून सगळ्यांना एका कोपऱ्यात आणते.

मॉस आला त्या हिवाळ्यात माझी मोठी चूक झाली. दमली की शांत होतील, म्हणून रोज तासभर चेंडू फेकायचे. महिन्याभरात दोघांची अंगं कमावली गेली. तासाला न दमणारी कुत्री दोन तासांनाही दमेनात. मॉस संध्याकाळी भिंतीवरच्या सावल्यांमागे लागला. दिव्याची तिरीप हलली तरी तो थरथरायचा. तो थरकाप बघवत नसे. शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळानं एकच विचारलं: यांना स्वस्थ पडायला कुणी शिकवलंय का? कामाचं कुत्रंसुद्धा दिवसातला बराच वेळ नुसतं पडून असतं.

चेंडू बंद झाला. त्याऐवजी गवतात लपवलेला खाऊ नाकानं हुडकायचा, फिरताना पोटभर हुंगायचं, आणि दुपारी आपापल्या सतरंजीवर पडायचं. पडून राहिलं की हळूच एक तुकडा. फिरायला मी दोघांना वेगवेगळं नेते. एकत्र असली की ती एकमेकांचं ऐकतात, माझं नाही. यात माझे रोजचे दोन तास जातात. एवढा वेळ नसेल त्यानं एकच कुत्रं पाळावं, आणि तेही या जातीचं नको.

रविवारी त्या मेंढपाळाच्या कुरणात जातो. तिथं भाषा त्याची: ‘कम-बाय’ म्हटलं की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं वळसा, ‘अवे’ म्हटलं की उलटा. लांबून शीळ. घरची भाषा माझी: बस, थांब, जागेवर, पुरे. दोन्ही भाषा त्यांना येतात.

परवा मॉस मेंढरांच्या अगदी जवळ पोचला होता, मान खाली, एक पाय हवेत. मी सवयीनं मराठीतच ‘पुरे’ म्हणाले. त्यानं पाय खाली टेकला, मेंढरांकडे पाठ केली आणि चालत माझ्याकडे आला.