भंगारातली कॅसेट घेताय? आधी हे बघा

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची कॅसेटची पिशवी हमखास भंगारवाल्याच्या गाड्यावर जाते. इंग्लंडमध्ये लोक जुने अल्बम धर्मादाय संस्थांच्या दुकानांत देतात आणि शौकीन ते तिथून स्वस्तात घेतात. आपल्याकडे ती पद्धत नाही. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे, मुंबईत चोर बाजार आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे मात्र भंगाराचे दुकान, रद्दीवाला आणि रेडिओ-टेप दुरुस्त करणारा जुना कारागीर, एवढ्यांचेच दार ठोठवायचे.

शोधायचे काय?

गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या कॅसेटमागे फार धावू नका, ती गाणी मोबाइलवर आहेतच. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचीही बरीच गाणी मिळतात. खरा ऐवज वेगळाच असतो. गावच्या गायन पार्टीने थोड्याच प्रती काढलेली भीमगीते, भारुडे, सप्त्यातली कीर्तने. मराठवाड्यात 1978 ते 1994 नामांतराचा लढा चालला, त्या काळात गाणी गावोगाव पोहोचवणारे स्वस्त साधन कॅसेटच होते. यातले बरेच इंटरनेटवर कुठेच नाही.

त्याहून मोलाची म्हणजे पेनाने नाव लिहिलेली घरगुती कॅसेट. तिच्यावर आजीच्या ओव्या असू शकतात. गी प्वाट्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या, आज त्या ‘पारी’ संकेतस्थळावर वाचता येतात, काही ऐकताही येतात. पण तुमच्या घरच्या ओव्या तिथे असतीलच असे नाही.

भंगारात कॅसेटला भाव मिळतो तो प्लास्टिकच्या वजनाचा. फीत उपटून फेकली की आवाज कायमचा गेला.

पारखायचे कसे?

कॅसेट उजेडात धरा. फितीच्या गुंडाळीवर पांढुरके डाग म्हणजे बुरशी. अशी कॅसेट चांगल्या टेपमध्ये घालू नका, हेड खराब होते. मधल्या खिडकीत फितीमागे छोटी मऊ गादी दिसली पाहिजे. ती पडली असेल तर आवाज दबका येतो, पण दुसऱ्या कॅसेटची गादी बसवता येते. वाजवण्याआधी पेन्सिल घालून फीत हलके फिरवून बघा. आणि वरच्या कडेचे दोन चौकोनी तुकडे शाबूत असतील तर ते आधी मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुना आवाज पुसला जाणार नाही.

तबकडी मिळाली तर तिचा वेग वाचा. 78 फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची असते, हातातून पडली की फुटते. ती स्पिरिटने कधीच पुसू नका, लाख विरघळते. तिला सुईही जाड लागते. 33 किंवा 45 फेऱ्यांची तबकडी विनाइलची असते, तिच्यावर आडवी खोल चर नाही ना एवढे बघून घ्या.

मोबाइलवर कशी आणायची?

टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर संगणकाच्या लाइन-इनला जोडा आणि ‘ऑडॅसिटी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात, इथे घाई चालत नाही. मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवायला एमपी-3 करा.

एक कायद्याची बाब. जुनी कॅसेट विकत घेण्यात, विकण्यात गैर काही नाही. पण कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे राहतो, गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे. त्यामुळे यूट्यूबवर टाकण्याआधी विचार करा. घरगुती कॅसेटवरचे गाणारे गावातलेच असतील, तर त्यांना किंवा त्यांच्या मुलांना विचारून घ्या.

भंगारवाल्याला आपला नंबर देऊन ठेवा आणि कॅसेट आल्या तर बाजूला काढायला सांगा. वजनाच्या भावापेक्षा थोडे जास्त दिले की तो फोन करतो.