विंडोजमधलं '२५एच२' म्हणजे काय? आकडा असा वाचा

कॉम्प्युटरवर २४एच२, २५एच२ असं लिहिलेलं दिसतं. त्यातले पहिले दोन आकडे सालाचे, 'एच२' म्हणजे दुसरी सहामाही. म्हणजे २५एच२ ही २०२५ च्या दुसऱ्या सहामाहीतली आवृत्ती. विंडोज ११ ची मोठी आवृत्ती सहसा वर्षातून एकदा येते. होम आणि प्रो वापरणाऱ्यांना तिचे सुरक्षा अपडेट २४ महिने मिळतात. २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपली. मुदत संपली तरी मशीन चालतं, पण चोरवाटा बुजवायचं काम थांबतं. त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करत असाल तर आजच सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउटमध्ये जाऊन आकडा बघा.