आमचूर विकून मीठ-तेल

आपल्याला धुळ्यात मीठ संपले तर कोपऱ्यावरचे दुकान आहे. सातपुड्यातल्या धडगावकडे तसे नाही. हा भाग १९९८ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. तिथे आठवडे बाजार गाठायला डोंगर उतरावा लागतो. पावसाळ्यात नाले भरले की पाड्यांची वाट अडते. घरची ज्वारी, मका, उडीद असतो. मीठ-तेल मात्र आधीच भरावे लागते.

त्यासाठी आदिवासी भगिनी उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून वाळवतात. पांढऱ्या आमचुराला भाव चांगला. अवकाळी पावसात भिजले तर काळे पडते, भाव कोसळतो. पावसाळा तोंडावर असताना माल अडवून धरता येत नाही. कोरडी साठवण आणि एकत्र विक्री झाली, तरच त्यांच्या कष्टाचे मोल त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचेल.