सांग्रियात संत्रं टाकण्याआधी

पांढुर्णा आणि सौंसर नकाशावर मध्य प्रदेशात असले, तरी संत्र्याच्या हिशेबाने ते काटोल-नरखेड-वरुडच्या पट्ट्यातलेच. 2023 साली छिंदवाड्यातून वेगळा निघालेला पांढुर्णा जिल्हा याच दोन तालुक्यांचा झाला. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची तोडणी सुरू होते, हिवाळा चढला की हुरडा येतो आणि बागेत पाहुणे जमतात. वांग्याची भाजी, रोडगे, टोपलीभर संत्री हा त्या जेवणाचा ठरलेला थाट. अलीकडे सुटीला घरी आलेली पुण्या-बंगळुरूची पोरं अशा बैठकीत सांग्रियाचा जगही मांडू लागली आहेत. लाल वाइन, ताजी फळं, थोडी साखर, सोडा, की झालं. कृती मोबाइलवर मिळते, पण ती स्पेनच्या फळांसाठी लिहिलेली असते. आपल्या संत्र्याचा स्वभाव वेगळा आहे आणि तो न ओळखताच जग भरला जातो. शिवाय या पेयाबद्दल काही समजुती अशा आहेत की त्या नुसती चव नाही, माणूसही बिघडवू शकतात.

पहिली समजूत अशी, की सांग्रिया म्हणजे फळं आंबवून केलेली दारू. तसं नाही. सांग्रियात काहीच आंबत नाही, आंबू द्यायचंही नाही. तयार वाइनमध्ये फळं, रस आणि गोडवा मिसळून केलेलं ते थंड पेय आहे. स्पेन आणि पोर्तुगालच्या घरांतून ते आलं, 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या स्पेनच्या दालनामुळे अमेरिकेत माहीत झालं आणि तिथून जगभर गेलं. युरोपीय संघाच्या 2014 च्या नियमानुसार तिथल्या बाजारात नुसत्या ‘सांग्रिया’ या नावाने विकायचं पेय स्पेनचं किंवा पोर्तुगालचंच असावं लागतं आणि त्यातला अल्कोहोल साडेचार टक्क्यांपासून बारा टक्क्यांच्या आत असावा लागतो. घरच्या जगाला हा नियम लागू नाही, पण पेय किती कडक असतं याचा अंदाज त्यावरून येतो. म्हणून फळं टाकून बरणी चार दिवस उन्हात ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती सांग्रिया होत नाही. वर संत्र्याचा रस घरी आंबवून दारू काढणं हा परवान्याचा विषय आहे आणि मध्य प्रदेशात 1915 चा आबकारी कायदा त्याला लागू होतो.

आता संत्र्याकडे. ‘संत्रं ते संत्रं, गोल चकत्या करायच्या नि सालीसकट टाकायच्या’ ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. स्पेनमध्ये वापरतात ते घट्ट सालीचं, गच्च गराचं फळ. त्याच्या चकत्या नीट पडतात. आपलं नागपुरी संत्रं मँडरिन वर्गातलं. साल सैल, आत पोकळी, फोडी सुट्या आणि बिया बऱ्याच. चकती करायला गेलं की फोडी निसटतात, रस पाटावर सांडतो आणि बिया चिरल्या जातात. मुख्य नुकसान बिया चिरल्यानेच होतं.

हे घरी पडताळून पाहता येतं. दोन संत्री बियांसकट आणि पापुद्र्यांसकट मिक्सरमधून काढा, गाळा आणि लगेच घोट घ्या. गोड लागेल. तोच पेला दोन-तीन तास झाकून ठेवा आणि पुन्हा चाखा. जिभेच्या मागच्या बाजूला कडू रेंगाळेल. रस नासलेला नसतो. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पापुद्र्यात एक चव नसलेला घटक असतो. फळ अखंड आहे तोवर तो शांत असतो. फोड चिरडली की तो रसाच्या आंबटपणाच्या संपर्कात येतो आणि त्याचं हळूहळू लिमोनिन बनतं. हे लिमोनिन फारच कडू. संत्र्याचा रस बाटलीबंद करणाऱ्या उद्योगापुढची ही जुनी अडचण आहे आणि नागपुरी संत्र्यात ती चांगलीच जाणवते. वाइन स्वतःच आंबट असल्याने जगातही हेच घडतं. चार वाजता उत्तम लागलेली सांग्रिया आठ वाजता कडू लागते आणि दोष मात्र वाइनच्या माथी मारला जातो.

उपाय हाताचा आहे, थोडा चिवट, पण खात्रीचा. संत्रं सोलून फोडी सुट्या करायच्या, वरचे पांढरे धागे काढायचे. प्रत्येक फोडीची आतली सरळ कड, म्हणजे जिथे बिया बसलेल्या असतात ती बाजू, लहान कात्रीने कापायची. बिया अंगठ्याने दाबून बाहेर काढायच्या. मग दोन्ही बाजूंचा पापुद्रा ओढून घ्यायचा. आत केशरी दाण्यांची अख्खी फोड हातात राहते, तीच जगात जाते. आमच्याकडे घरच्या बायका लहान मुलांना संत्रं असंच सोलून देतात, त्यामुळे हे कसब नव्याने शिकावं लागत नाही. सुगंध हवा असेल तर अख्ख्या फळाची फक्त रंगीत साल बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरवून घ्यावी. सुवास तिच्यातल्या तेलात असतो. खालचा पांढरा भाग लागला की कडू आलंच. किसण्याआधी फळ कोमट पाण्यात चोळून धुवायला हवं, कारण प्रतवारी होऊन बाजारात आलेल्या फळावर मेणाचा थर असू शकतो आणि घरच्या बागेतल्या फळावर फवारणीचा अंश.

फळ निवडतानाही एक चुकीची खूण पाहिली जाते. साल हिरवट म्हणजे कच्चं, पिवळी म्हणजे पिकलं, असं नसतं. संत्र्याच्या सालीला रंग चढतो तो रात्री गार पडू लागल्या की. सुरुवातीच्या आंबिया फळाची साल हिरवट असूनही आतून ते खाण्याजोगं झालेलं असू शकतं, आणि व्यापारात सालीला रंग आणण्यासाठी वायूही वापरतात. त्यामुळे एक फळ फोडून चाखणं हीच परीक्षा. फळ जितकं पक्व, तितका तो कडूपणा कमी. माझं मत विचाराल तर सांग्रियासाठी तोडणीच्या सुरुवातीचं फळ घेऊ नये. झाडावर पूर्ण भरलेलं घ्यावं, किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या मृग बहाराची वाट पाहावी.

‘जितकं जास्त मुरेल तितकं चांगलं’ ही लोणच्याची रीत इथे चालत नाही. सफरचंद, घट्ट पेरू अशी कडक फळं वाइनमध्ये फ्रिजात दोन ते चार तास राहिली की पुरे. पेरूचा बियांचा गाभा काढून टाकावा. संत्र्याच्या फोडी वाढण्याच्या अर्धा तास आधी. संत्र्याचा रस आणि सोडा अगदी शेवटी, पाहुणे बसल्यावर. डाळिंबाचे दाणे केव्हाही चालतात. केळं, पपई, सीताफळ नको, त्यांचा लगदा होऊन जग गढूळ होतो. साखर थेट थंड वाइनमध्ये टाकली तर तळाशी बसते, म्हणून थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गार करून घालावी. तीही चव पाहून, कारण आपलं पिकलेलं संत्रं स्पेनच्या कृतीतल्या साखरेचा बराच वाटा स्वतःच उचलतं.

वाइनबद्दल दोन टोकांच्या समजुती आहेत. एक म्हणते महाग बाटली आणा. लाकडी पिंपात मुरवलेल्या वाइनची नजाकत रस आणि सोड्याखाली बुडून जाते, पैसे वाया. दुसरी म्हणते गोड पोर्ट चालेल, स्वस्तही पडते. आपल्याकडे पोर्ट म्हणून मिळणारी गोव्याच्या पद्धतीची वाइन आधीच गोड असते. त्यात संत्रं आणि साखर पडली की दुसरा ग्लास जात नाही. नाशिककडच्या शिराज किंवा झिनफँडेलसारख्या फळाळ, न गोड, कमी तुरट लाल वाइनमध्ये हे पेय उत्तम जमतं. तुरटपणा कमी असण्याला कारण आहे. वाइन गार केली की तिचा तुरटपणा आणि कडूपणा जास्त टोचतो, आणि सांग्रिया तर गारच प्यायची.

यापुढचा गैरसमज मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. ‘हा तर ज्यूस आहे, चढत नाही.’ जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला. विरोधानंतर तो अमलात आला नाही, पण वाइन म्हणजे दारू नव्हे असं तेव्हा जाहीरपणे बोललं गेलं आणि ते सीमेअलीकडेही येऊन बसलं. हिशेब साधा आहे. 750 मिलीच्या बाटलीत 13 टक्क्यांनी साधारण 97 मिली शुद्ध अल्कोहोल असतो. त्यात 300 मिली रस आणि 250 मिली सोडा घातला की 1300 मिली पेय होतं, साडेसात टक्क्यांचं. म्हणजे सौम्य बिअरपेक्षा कडक. 200 मिलीच्या एका ग्लासात 15 मिली अल्कोहोल, आणि असे दोन ग्लास म्हणजे 650 मिलीची सौम्य बिअरची जवळपास अख्खी बाटली. ‘जरा जोर यावा’ म्हणून कुणी ब्रँडीचा 60 मिलीचा एक पेग ओतला, तर एकट्या त्याने आणखी 25 मिली अल्कोहोल वाढतो. गोड, गार आणि फसफसणारं असल्याने ते पाण्यासारखं प्यायलं जातं. जे एरवी पीत नाहीत त्यांच्या लक्षात ते उशिरा येतं.

तळाशी उरलेली फळं निरुपद्रवी असतात असं मानून ती लहान मुलांना दिली जातात. हे कधीही करू नये. फळ वाइन शोषून घेतं, आणि मुलाच्या लहान शरीराला थोडाही अल्कोहोल जड जातो. मुलांचा जग वेगळा आणि लांब ठेवावा. गरोदर बाई, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, झोपेची औषधं घेणारे यांना आग्रह नको. मधुमेहात रिकाम्या पोटी अल्कोहोलने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. लाल वाइन हृदयाला चांगली असते हा दाखलाही अशा वेळी हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. आवडीसाठी प्यायची तर थोडी प्यावी, औषध म्हणून नाही. आणि बागेतून गावाकडे मोटारसायकल हाकायची असेल, तर अजिबात नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि शरीराला एका ग्लासाचा निचरा करायला तास-दीड तास लागतो. कॉफीने किंवा लिंबूपाण्याने तो वेग वाढत नाही.

‘दारू आहे, जंतू मरतात’ म्हणून फळं धुण्यात हयगय होते. हात निर्जंतुक करायच्या द्रवात किमान 60 टक्के अल्कोहोल लागतो, सांग्रियात सात-आठ. त्याने जंतू मरतील असं धरून चालता येत नाही. बर्फाची लादी फोडून जगात टाकायची सवयही सोडायला हवी, कारण ती बहुधा माल गार ठेवण्यासाठी केलेली असते, खाण्यासाठी नाही. खाद्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून 2018 पासून त्यात निळा रंग घालायचा नियम आहे. त्यापेक्षा संत्र्याच्या फोडी आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून घ्याव्यात. पेय गारही होतं, पातळही होत नाही. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असावं. लग्नकार्यातलं ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा कल्हई उडालेला पितळी गंज आंबट पेयासाठी चालत नाही, धातू त्यात उतरतो.

सीमेचा प्रश्न इथे रोजचा आहे. नागपूर इतकं जवळ की ‘येताना दोन बाटल्या घेऊन या’ हे सहज बोललं जातं. पण दारूचा कर आणि परवाना राज्याराज्याचा वेगळा असतो. महाराष्ट्रात घेतलेली बाटली परवान्याविना मध्य प्रदेशात आणली तर ती आबकारीच्या नजरेत अवैध वाहतूक ठरते. वाइन आपल्या राज्यातल्या दुकानातूनच घ्यावी, बिल जपावं, आणि मोठ्या मेळाव्यासाठी आबकारी विभागाचा एक दिवसाचा परवाना आधीच काढावा. शेजारच्या मुलताईत तर 1 एप्रिल 2025 पासून दारूची दुकानंच बंद आहेत, राज्यातल्या एकोणीस धार्मिक ठिकाणांत तिचा समावेश झाला.

शेवटची समजूत, की वाइनशिवाय सांग्रिया म्हणजे नुसतं सरबत. इथेही चवीचा विचार करावा लागतो. वाइन जगाला तुरटपणा आणि आंबटपणा देते. हे दोन्ही कोऱ्या चहातून आणि डाळिंबातून मिळतात. अर्धा लिटर पाण्यात चार चमचे चहापत्ती, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा. चार मिनिटांत गाळून पूर्ण गार करायचं, जास्त ठेवलं की कडवट होतं. त्यात दीड पेला डाळिंबाचा रस, अर्ध्या लिंबाचा रस आणि किसलेली संत्र्याची साल. दोन तास फ्रिजात. वाढताना वर सांगितल्याप्रमाणे सोललेल्या फोडी, ताजा संत्र्याचा रस आणि सोडा. हा जग आधी भरावा आणि वाइनच्या जगाइतकाच मोठा भरावा. आमच्या भागात निम्म्याहून अधिक पाहुणे, त्यात बहुतेक आज्या आणि काकू, याच जगाकडे वळतात.