टॅब वाटले म्हणजे झालं का?

शहापूर-मुरबाडकडे ‘शैक्षणिक तंत्रज्ञान’ म्हटलं की टॅब, प्रोजेक्टर आणि मोठा टीव्ही एवढंच समोर येतं. त्यात नवल नाही. शहापूर तालुक्यातल्याच पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून राज्यभर नावाजली गेली. पण संगणकशास्त्रात या नावाने जे संशोधन चालतं, त्याचा मुख्य प्रश्न वेगळा आहे: शिकणारा नेमका कुठे अडतो, आणि आपण केलेला उपाय लागू पडला हे कशावरून?

‘यंत्र हातात दिलं की मूल शिकतं.’ हा समज सर्वांत महागात पडतो. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात, खैरात-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत, २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. याच योजनेची मोठी, काटेकोर तपासणी पेरू देशातल्या ३१९ ग्रामीण शाळांत झाली. २०१२ साली निष्कर्ष आला: लॅपटॉप मिळालेल्या शाळांतल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत म्हणावा असा फरक नाही. याउलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ हे संगणकावर शिकवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांची साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत स्पष्ट प्रगती झाली. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिथे मूल कितवीत आहे हे न बघता त्याला काय येतं हे बघून प्रश्न दिले जात. शिवाय छोट्या गटात शिकवणारी माणसंही होती. संगणक दोन्हीकडे होते. फरक पडला तो कामाच्या आखणीने.

दुसरा समज: ‘हे बी.एड.वाल्यांचं काम, संगणकशास्त्राचं नव्हे.’ खालच्या तीन ओळी बघा.

अ = ५
ब = अ
अ = ७

आता ‘ब’ किती? प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणारी बरीच मुलं ‘७’ म्हणतात. पायथॉनमध्ये उत्तर ५ येतं. मुलं निष्काळजी नसतात; गणिताच्या तासाला ‘=’ म्हणजे दोन्ही बाजू कायम सारख्या, हे त्यांनी नीट शिकलेलं असतं. प्रोग्रॅममध्ये मात्र ते चिन्ह एक आज्ञा असते: उजवीकडची किंमत आत्ता घे आणि डावीकडच्या नावाला दे. पुढे ‘अ’ बदलला तरी ‘ब’ला त्याचं काही नाही. ही चूक कुठून येते हे ओळखायला संगणकशास्त्र यावं लागतं आणि मुलाचं मनही वाचता यावं लागतं. म्हणूनच आयआयटी मुंबईत २०१० साली शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयात पीएच.डी.चा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. संगणकशास्त्राचे प्राध्यापक श्रीधर अय्यर त्यात आघाडीवर होते.

प्रोग्रॅम चालताना प्रत्येक किंमत कशी बदलते हे ॲनिमेशनने दाखवलं की प्रश्न मिटला, असं वाटेल. पण अशा २४ प्रयोगांचा आढावा २००२ साली घेतला गेला, तेव्हा दिसलं की पडद्यावर काय दिसतं यापेक्षा ते बघताना विद्यार्थी स्वतः काय करतो याला जास्त महत्त्व आहे. नुसतं बघत बसणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. पुढे काय होईल हे आधी सांगायला लावलं, तर लागतं.

तिसरा समज: ‘वीज आणि नेट नसेल तिथे हे जमणार नाही.’ आयआयटी मुंबईच्याच प्रोग्रॅमिंगच्या एका मोठ्या वर्गात अगदी साधी पद्धत तपासली गेली: प्रश्नावर आधी एकट्याने विचार करा, मग शेजाऱ्याशी बोला, मग सगळ्या वर्गात चर्चा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्या कामात टिकून होते. त्याला लागतात प्रश्न, वही आणि शेजारी.

आटगाव-आसनगाव पट्ट्यात संगणक शिकवणाऱ्या सर-मॅडमना म्हणून एक विनंती. वरच्या तीन ओळी फळ्यावर लिहा आणि शिकवायच्या आधी प्रत्येकाकडून उत्तर कारणासकट लिहून घ्या. धड्यानंतर आकडे आणि नावं बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही वेळची चुकीची उत्तरं कारणांसकट जपून ठेवा. पुढच्या वर्षी काय बदलायचं, ते त्या कागदांवरून ठरवा.