आकाश सुटं करून पाहताना

यूव्हीस्पेक या प्रोग्रामला जे सांगायचं ते दहा-बारा ओळींत लिहून होतं. वातावरणाची फाइल कोणती, सूर्य खमध्यापासून किती अंशांवर, जमीन किती प्रकाश परत फेकते, ओझोन किती, पाण्याची वाफ किती, हवेत धूळ आहे का, कोणत्या तरंगलांबीपासून कोणत्यापर्यंत मोजायचं. फाइल साध्या मजकुराची असते. ती दिली की थोड्याच वेळात आकड्यांचे स्तंभ उतरतात: सूर्याकडून थेट आलेला प्रकाश वेगळा, आकाशभर विखरून खाली आलेला वेगळा, वर परत गेलेला वेगळा.

हा प्रोग्राम म्हणजे लिबरॅडट्रान या संचाचा गाभा. आर्वे किलिंग आणि बर्नहार्ड मायर या दोघांनी तो घडवला, पुढे क्लाउडिया एम्डे आणि इतरांनी वाढवला. सुरुवात अतिनील किरणांच्या हिशेबापासून झाली, म्हणून यूव्हीस्पेक हे नाव. संच मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. पुण्याचं ऊन समजून घ्यायचं म्हणून मी याच्याकडे वळलो आणि यातच रमलो, कारण खऱ्या आकाशातून एखादी गोष्ट काढून उरलेलं पाहता येत नाही. इथे एक ओळ बदलली की पाहता येतं.

आधी सगळं काढून टाकावं. धूळ नाही, वाफ नाही, ओझोन नाही. फक्त नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू. सूर्य डोक्यावर असेल तर समुद्रसपाटीपर्यंत ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशातला सुमारे ७० टक्के थेट पोचतो, ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशातला सुमारे ९६ टक्के. आता सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर आणायचा. जांभळा १३ टक्क्यांच्या आसपास उरतो, लाल अजून ८० टक्क्यांच्या वर. मावळतीचा लाल रंग शाळेत शिकलेला असतो, पण तो स्तंभांतून असा वेगळा निघताना पाहणं ही निराळी गोष्ट आहे. थेट प्रकाशातून जे हरवलं ते नष्ट झालेलं नसतं. निम्म्याच्या आसपास आकाशाचा उजेड होऊन खाली येतं, बाकीचं अवकाशात परत जातं, आणि शेजारच्या स्तंभांत ते सापडतं.

हा हिशेब सोपा नाही. एकदा विखुरलेला किरण पुन्हा विखुरतो, मग पुन्हा. सगळ्या दिशांचा विचार एकदम न करता मोजक्या ठरावीक दिशा निवडून समीकरणं सोडवायची, ही रीत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४० च्या दशकात ताऱ्यांच्या वातावरणासाठी विकसित केली. १९५० च्या त्यांच्या ग्रंथात ती आहे. १९८८ मध्ये क्नूट स्टॅम्नेस आणि सहकाऱ्यांनी तिला डिसॉर्ट या भरवशाच्या प्रोग्रामचं रूप दिलं. माझ्या फाइलीत ती एका ओळीत येते. दिशा किती घ्यायच्या ते पुढच्या ओळीत.

गणिताची बाजू इतकी पक्की आहे. अडतं ते हवेपाशी. वातावरणाच्या तयार फाइली सहा, अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेत १९८६ मध्ये संकलित झालेल्या. त्यातली उष्णकटिबंधाची पुण्याला जवळची वाटते, पण तिच्यातली सगळी वाफ पाणी करून खाली आणली तर सुमारे ४ सेंटिमीटरचा थर होईल. डिसेंबरातलं पुणं याहून कितीतरी कोरडं असतं. वाफ तशीच ठेवली तर ९४० नॅनोमीटरजवळचा अवरक्त खड्डा नको तितका खोल येतो.

त्याहून कठीण धूळ. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सूर्याकडे रोखलेला फोटोमीटर आहे. नासाच्या एरोनेट जाळ्यातला असल्याने त्याच्या नोंदी कुणालाही मिळतात. कण किती प्रकाश अडवतात ते त्यावरून फाइलीत घालता येतं. कणांमुळे थेट ऊन चाळीस टक्के घटलं तरी जमिनीवरचा एकूण उजेड तितका घटत नाही, कारण धूळ बराचसा प्रकाश पुढेच ढकलते. सूर्याभोवती पांढुरकं होतं, सावलीच्या कडा मऊ पडतात. काजळी असेल तर चित्र वेगळं. ती प्रकाश गिळते. कण किती विखुरतात आणि किती गिळतात हे प्रमाण ठरवताना मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि माझ्या मते या कामातली खरी विद्या तीच. पुण्याच्या हवामान खात्यात सौर प्रारण मोजणाऱ्या उपकरणांचं काम उभं करणाऱ्या अ‍ॅना मणी यांच्याबद्दलचा आदर अशा वेळी वाढतो. जमिनीवर नेमकं मोजलेलं ऊन हाताशी नसेल, तर काढलेला आकडा कशावर घासून पाहायचा?

संध्याकाळ मात्र या साध्या मांडणीला पेलत नाही. या मांडणीत वातावरण सपाट थरांचं असतं, आणि सपाट थरांत क्षितिजावरच्या किरणाचा मार्ग अनंत होतो. खऱ्या गोल पृथ्वीवर तो डोक्यावरच्या मार्गाच्या सुमारे ३८ पट असतो. म्हणून संधिप्रकाशासाठी मिस्टिक हा संचातला दुसरा भाग लागतो. तो एकेका फोटॉनचा माग काढतो, तोही उलटा: डोळ्यापासून निघून, टप्प्याटप्प्यावर विखुरत, सूर्यापर्यंत. थोड्या फोटॉनांत उत्तर खरखरीत येतं. खरखर निम्मी करायला चौपट फोटॉन सोडावे लागतात. लॅपटॉप तापतो, मी वाट पाहतो.

आणि मग ओझोन शून्य करतो. सूर्य बुडाल्यावर डोक्यावर जो गडद निळा चढतो, तो जातो. उरतं फिकट, पिवळसर आकाश. १९५३ मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतल्या एडवर्ड हल्बर्ट यांनी हे दाखवलं होतं. त्या वेळचे किरण ओझोनच्या थरातून शेकडो किलोमीटर तिरपे जातात, आणि ओझोन ६०० नॅनोमीटरजवळचा नारिंगी भाग शोषत राहतो. दिवसाच्या निळ्याचं श्रेय रेणूंना, पण सांजेच्या निळ्याचं मुख्यतः ओझोनला.

दुपारी तोच ओझोन काढला तर डोळ्याला काही कळणार नाही. डोक्यावरच्या सूर्याचा नारिंगी प्रकाश त्यात जेमतेम तीन-चार टक्के अडतो. पण फाइलीतली तरंगलांबी ३०० नॅनोमीटरवर न्यावी. जिथे थेट किरणांतला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग ओझोन रोखत होता, तिथला आकडा दहापटीच्या घरात उसळतो.